माळाचा कस

"नापीक म्हणा," इंद्रजित आसावरीच्या कानाशी पुटपुटला. "एवढा काय विचार करताय?"

माइक आसावरीच्या हातात होता आणि समोर सगळं कऱ्हाटी बसलं होतं. दसऱ्याला गाव आपसूकच देवळापुढं जमतं, बोलवायची दगदग नाही, म्हणून इंद्रजितनं मुद्दाम हाच दिवस धरला होता. तो सौरऊर्जेच्या कंपनीचा इथला साहेब. कंपनीला गावचा माळ हवा होता. माळ नापीक आहे हे गावानं एकदा हात वर करून मान्य केलं, की पुढं कुणाला तोंड उघडायला जागा उरणार नव्हती. मातीचा अहवाल इंग्रजीत होता, आणि तो गावाला मराठीत सांगायला बावड्याच्या आसावरीला आणलं होतं.

इंद्रजित तसा परका नव्हता, माळेगावचाच. सभेआधी तो गावादेखत द्वारकाबाईंकडं चहाला गेला होता. माळावरचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांचा. म्हातारीनं रीतीप्रमाणं देवघरातले कोंब पुढं केले, घटाच्या मातीत नऊ दिवसांत उगवलेले, आणि त्यानंही सवयीनं मान खाली घातली. त्यांनी ते त्याच्या कानावर खोचले. आता देवळापुढं ज्याच्या त्याच्या टोपीत असेच घरोघरचे पिवळसर कोंब होते, त्यामुळं त्याच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही.

घोडं अडलं होतं ते एका शब्दापाशी. अहवाल लिहिणाऱ्या सरोजिनीबाई मूळच्या तेलंगणातल्या. मराठीचा गंध नाही, पण माती नुसती चिमटीत धरली तरी तिच्याशी बोलल्यासारख्या बोलायच्या. त्यांच्या ‘डिप्लीटेड’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ आसावरीनं येतानाच गाडीत खोदून विचारला होता. त्या म्हणाल्या, आमच्या तेलुगूत अशा जमिनीला निस्सारम म्हणतात, सार निघून गेलेली. ते ऐकून आसावरीला वडील आठवले. जमिनीचा कस उतरला, असं ते म्हणायचे, आणि म्हणून झालं की शेणखताच्या मागं लागायचे. तिन्ही भाषा एकच सांगत होत्या. होतं ते गेलंय. जमीन मेली, असं त्यांतली एकही म्हणत नव्हती.

नापीक हा शब्द एकट्या इंद्रजितचा होता.

"उद्यापासून इंदापूर तालुक्यातली गावं घ्यायचीत. पार बावड्यापर्यंत," तो पुन्हा पुटपुटला. "वर्षभराचं काम आहे. तुम्हाला द्यायचं की दुसऱ्या कुणाला, ते आता तुम्हीच ठरवा."

आसावरीला काम हवं होतं. फार हवं होतं. पुण्यात धक्के खाऊन ती घरी परतली होती आणि हे पहिलंच धड काम हाती आलं होतं. पण बावड्याच्या देवळापुढं आपले वडील मांडी घालून बसलेत आणि आपण त्यांच्या तोंडावर हा शब्द म्हणतोय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माळाचा कस उतरलाय," ती माइकवर खणखणीत म्हणाली. "बोअरच्या पाण्यावर पिकामागून पीक काढलं, त्यानं जमीन दमलीय. अहवालात एवढंच लिहिलंय."

गावात कुजबुज सुरू झाली. द्वारकाबाई पदर सावरत उठल्या. "उतरल्याला कस परत चढतो का न्हाय, तेवढं त्या बाईंस्नी इचार की, पोरी."

आसावरीनं विचारलं. सरोजिनीबाईंनी बराच वेळ उत्तर दिलं.

"चढतो," आसावरी म्हणाली. "जमिनीला विसावा द्या, शेणखत द्या आणि धीर धरा, असं त्या म्हणतात."

इंद्रजितनं माइक जवळजवळ ओढूनच घेतला. चेहरा हसरा ठेवायची त्याची धडपड बघण्यासारखी होती. "मंडळी, आमच्या आसावरीताई जरा हळव्या आहेत. मी आपलं रोखठोक सांगतो. घटस्थापनेच्या दिवशी आम्ही द्वारकाबाईंच्याच माळावरची माती पिशव्या भरून नेली. त्या मातीत दाणा टाकून बघा, साधा कोंब वर यायचा नाही. अशी मेलेली जमीन उराशी धरून काय करणार? करा बघू हात वर."

मागच्या बाजूला दोन-चार हात वर झाले. ते बघून आणखी काही झाले. साहेब माळेगावचा, माहितीतला. खोटं कशाला बोलेल, असं माणसं एकमेकांना म्हणत होती. सरोजिनीबाई गोंधळून आसावरीकडं बघत राहिल्या.

आसावरीला घटस्थापनेची ती सकाळ आठवली. पिशव्या भरताना तीही माळावर होती. द्वारकाबाईही होत्या, काखेत रिकामी टोपली घेऊन. हातातलं काम तर आता गेलंच होतं; जे गेलं त्याची भीती कसली? ती पुढं झाली आणि इंद्रजितच्या हातातल्याच माइकपाशी वाकून म्हणाली, "द्वारकाआजी, यंदा घटाला माती कुठली घातली?"

"कुठली म्हंजी?" द्वारकाबाई जागेवरूनच म्हणाल्या. त्यांना माइक कधी लागलाच नव्हता. "यांनी पिशव्या भरल्या त्याच खड्ड्यातली. साहेब तवाच म्हणत व्हतं, माती मेलीया. म्हटलं, बघू तर खरं."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले, आणि सगळं कऱ्हाटी इंद्रजितच्या कानाकडं बघायला लागलं.