आमेनच्या आधी

"आता शेवटी भीमाजी चार शब्द बोलतील," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

भीमाजी जागचे हलले नाहीत. अंगणात बसलेल्या पन्नास माणसांनी माना वळवल्या. थोरल्या दावीदनं बापाला कोपरानं ढोसलं. भीमाजी आपले घोंगडीचे दोरे उपटत बसले.

त्यांची बायको सारजाबाई जाऊन आठ दिवस झाले होते. तिच्या स्मरणाची ही प्रार्थना. एकतीस सालच्या सोलापुरात त्या गल्लीला तिच्यासारखी दुसरी बाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसरी झेपलीही नसती. प्लेगात लोक माळावर झोपड्या घालून राहिले, तेव्हा ती रोज पेजेची कळशी डोक्यावर घेऊन तिकडं जायची. कुणाच्याही घरी बाळंतीण असो, बाळाचं दुपटं सारजाबाईच्या हातचं. पाळकसाहेबांनी हे सगळं सांगितलं. पण माणसं जमली होती ती तिच्या प्रार्थनेच्या आठवणीनं.

दर बुधवारी याच अंगणात प्रार्थना व्हायची. सारजाबाई डोळे मिटायची आणि एकेकाला नावानिशी देवापुढं उभं करायची. आवाज खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. "हे प्रभू, आमच्या दावीदची बिडी सोडव. न्हाणीमागं वढतो त्यो." "हे प्रभू, पाळकसाहेबांचा उपदेश जरा आखूड कर, लेकरं भुकेजत्यात."

कोपऱ्यावरचा किराणावाला वीरभद्रप्पा काही ख्रिस्ती नव्हे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. पण तिनं त्यालाही सोडलं नाही. "हे प्रभू, वीरभद्रप्पाच्या पारड्याखाली चिंच चिकटवलीया. ती तूच काढ बाबा." दुसऱ्या दिवशी चिंच गायब! आज तोच वीरभद्रप्पा उठून सांगत होता, "तिचा देव येगळा, माझा येगळा. पर बाईची खबर दोघांकडं पोचायची बगा!" माणसं पोट धरून हसली. दुखवट्याला इतकं हसावं का, असं पाळकसाहेबांना वाटलं, पण तेही हसतच होते.

भीमाजी तेवढे हसले नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात त्या प्रार्थनेत त्यांचा उल्लेख एकदाही आला नव्हता. गल्लीतल्या कुत्र्याचा आला होता, खरजेसाठी. त्यांचा नाही. नाव नको, निदान 'दावीदच्या बापाला' तरी म्हणायचं! एकदा तर ते मुद्दाम रविवारची उपासना बुडवून कुस्त्या बघायला गेले. म्हटलं, आता तरी बोलेल. बुधवारी सारजाबाईनं पहिलवानांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. मग नेहमीसारखी गप्प झाली. शेवटी ती अशी गप्प व्हायचीच. कुणी घाईनं आमेन म्हणू लागलं, की डोळे न उघडता हात वर करायची. लोक म्हणायचे, बाई दम घेते. त्या बुधवारी तिनं दम जरा जास्तच घेतला, एवढंच.

"भीमाजी, बोला ना," पाळकसाहेबांनी पुन्हा म्हटलं.

"काय बोलू?" भीमाजी एकदम उसळले. "समद्या गल्लीचं गाऱ्हाणं तिनं देवाच्या कानावर घातलं. कुत्र्याचंबी घातलं! माझ्यासाठी एक शब्द मागितला न्हाय. मी तिचा कोण होतो, ते मला अजून कळलं न्हाय." अंगणातलं हसू विरून गेलं.

बायकांमधून शेजारची अंबुबाई उठली. भिंतीला भिंत, तीस वर्षांचा शेजार.

"अय्यो दाजी, तुमाला खरंच ठावं न्हाय?" ती म्हणाली. "ती शेवटाला गप का ऱ्हाती, मी इचारलं होतं की तिला. म्हणाली, 'तवा यांचा नंबर असतो. यांचं नाव तोंडानं कसं घिऊ? आन दुसऱ्यांच्या खोडी सांगितल्या तर सांगितल्या, आपल्या माणसाची खोड चारचौघांत कशाला? यांचं मी मनातच सांगती.' मी म्हटलं, 'मग इतका येळ लागतो व्हय गं?' तर लाजली, आन म्हणाली, 'लई हाय सांगायला.'"

सारजाबाईचा वर केलेला तो हात भीमाजींना आठवला. आणि कितीदा तरी घाईचं ते आमेन त्यांनीच म्हटलं होतं, पोटात कावळे ओरडतात म्हणून! त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी पटक्याचा शेव तोंडावर धरला.

मग ते उठले. हात जोडले, डोळे मिटले.

"हे प्रभू," ते म्हणाले, "ही... ही माझी..."

पुढं येईना. बायकोचं नाव त्यांनी तरी कधी घेतलं होतं? ते तसेच उभे राहिले. गिरणीचा भोंगा झाला, तरी डोळे उघडले नाहीत. मागच्या पोरांची चुळबूळ सुरू झाली. पाळकसाहेबांना वाटलं, बिचारे अडले, सोडवावं. त्यांनी घसा खाकरला आणि "आ..." एवढंच म्हटलं.

भीमाजींचा हात वर गेला.

"थांबा की साहेब," मागून वीरभद्रप्पा हळूच म्हणाला. "लई हाय त्यास्नी सांगायला."