पाखऱ्याचं गाणं

हिरामणच्या पहिल्याच तडाख्यात ऋतिकचा ओठ फाटला. दुसऱ्यात तो खुर्च्यांसकट आडवा झाला.

"माजा पाखऱ्या भ्याला? कुठं भ्याला रं? बोल!"

कोंडाण्याच्या मांडवात समीक्षाची हळद ऐन रंगात होती. शेलूहून नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन त्याचा काका हिरामण आला, आणि नेमकं तेव्हाच डीजेवाल्याने नवरीच्या भावाचं, ऋतिकचं गाणं लावलं. खालापूरच्या बैलगाडा शर्यतीवर ऋतिकनेच लिहिलेलं, सगळ्या हळदींत वाजणारं. 'तुफान आमचा सुटला गं, पाखऱ्या भिऊन हटला गं.' तुफान कोंडाण्याचा बैल, पाखऱ्या हिरामणचा. सोयरीक नंतर जुळली, तरी हे गाणं लावू नको म्हणायला ऋतिकची जीभ रेटली नाही. घरच्याच हळदीत आपलं गाणं नाही म्हणजे काय! लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे नाचणारी पोरं असायची. हरलेल्या बैलाचा मालकही ते ऐकत असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ऋतिकचे मित्र धावले, तसे शेलूवालेही. खुर्च्या उडाल्या. कुणाचं तरी डोकं फुटलं आणि पाटाजवळच्या रांगोळीत रक्त सांडलं. हिरामणने ऋतिकच्या छातीवर पाय दिला. त्याच्या एका हातात हळदीची वाटी अजून तशीच होती.

"काका, हळद परत नेऊ नका हो," समीक्षा रडत म्हणाली.

"त्याला म्हनावं, मायकवर जा. माज्या बैलाचं नाव नीट घे. नायतर ही हळद चालली शेलूला."

ऋतिक उठला. तोंडातलं रक्त थुंकून त्याने माइक धरला. त्याला शब्द शोधावे लागले नाहीत.

"पाखऱ्या पडून उठला गं, तीन पायांवर सुटला गं..."

मारामारी थांबली. हिरामण पुढे आला. "पडला व्हता?"

ऋतिकने माइक खाली केला. "खड्ड्यात पाय गेला, काका. गुडघ्यावर आला, तसाच उठून धावला. मी तिथंच उभा व्हतो."

"मी पार शेवटाला, निशानापाशी. धुळीत मला काय बी दिसलं नाय." हिरामण म्हणाला. "घरी लंगडत व्हता. म्हनलं, नाटकं करतोय. तुजं गानं वाजाय लागलं तसा चाबकानं फोडला त्याला. टेंपोत घातला, व्यापाऱ्याला दिला." त्याने ऋतिककडे रोखून पाहिलं. "तुला दिसलं व्हतं, तर हे का नाय लिवलंस रं?"

ऋतिकने मान खाली घातली. "त्याच्यावर कोन नाचतंय, काका?"

हिरामणने वाटी समीक्षाच्या हातात दिली. "घे पोरी. तुजा काय दोष नाय." मग तो वळला आणि त्याने ऋतिकच्या तोंडावर गुद्दा घातला. पुन्हा घातला. ऋतिकने हात वर केले नाहीत.

मांडवाच्या मागल्या टोकाला, डीजेपाशी, माइक खाली गेल्यानंतरचं काहीच पोचलं नव्हतं. भांडण मिटलं समजून डीजेवाल्याने त्याच चालीचा ठेका सोडला. 'पाखऱ्या पडून उठला गं,' पोरांनी ओळ उचलली आणि सगळा मांडव हात वर करून नाचायला लागला.