ऱ्हस्व राहतो

क्लार्कने अर्ज काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवला आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हीच वाचा, बाई. तुमच्याच शिकवणीतलं अक्षर आहे ना हे?"

बाईंनी चष्मा वर ढकलला. अक्षर ओळखायला वेळ कशाला लागतोय! इंग्रजी वायची शेपूट इतकी गोल वळवणारी त्यांच्या शिकवणीत एकच पोरगी होती. अर्ज इंग्रजीत, चार ओळींचा. साहेब, आमच्या खोलीची मुदत संपली. वी वाँट टु, आणि पुढे एल-ई-ए-व्ही-ई. म्हणजे आम्हाला सोडून जायचं आहे. कृपया परवानगी द्यावी. खाली सुताराची सही, वाकडी पण ठसठशीत.

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

सुतार, त्याची बायको आणि ती पोरगी, तिघंही त्यांच्या मागे उभी होती. सुतार अकरा वर्षं कारखान्यात लाकडी खोकी ठोकत होता आणि कारखान्याच्याच वसाहतीत राहत होता. त्याला पुढेही राहायचं होतं, म्हणून तर अर्ज केला. आणि नशीब बघा, आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा एखादा अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला होता. आज संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची होती, अर्धं सामान बांधूनही झालं होतं.

"अहो, यांना राहायचंय," बाई म्हणाल्या. "लिव्ह लिहायचं होतं. आयच्या जागी ई-ए पडलंय, एवढंच."

"ध चा मा झाला," क्लार्क म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आवाजात चेष्टा नव्हती. "काल कळलं असतं तर हा कागद मीच फाडला असता. पण सकाळी खोली दुसऱ्याच्या नावावर झाली. फिटर आहे, घरात तान्हं मूल. त्यांचं सामान टेम्पोत चढलंसुद्धा. आता त्याला काय सांगू? स्पेलिंग चुकलं म्हणून उतरव?"

"दुसरी एखादी खोली?"

"असती तर तो चार महिने मेव्हण्याकडे पडून राहिला असता का?"

सतरा वर्षं बाई पोरांकडून असल्या जोड्या घोटून घेत होत्या. शिप आणि शीप, फिल आणि फील. चुकलं की अर्धा गुण जायचा. एखादं पोर मुसमुसायला लागलं की त्या हसून म्हणायच्या, अरे, अर्ध्या गुणाने काय आभाळ कोसळतंय?

बाई पोरीकडे वळल्या. "अगं, तुला तर ही जोडी तोंडपाठ होती. मी काय सांगितलं होतं?"

"ऱ्हस्व तो राहतो, दीर्घ तो दूर जातो," पोरगी चपलांकडे बघत म्हणाली. "ऱ्हस्व ऐकू आला तर आय. दीर्घ ऐकू आला तर ई-ए."

"मग?"

"बाबांनी दीर्घच सांगितला. मी दोनदा विचारलं."

"तिची चूक नाही, बाई," सुतार म्हणाला. "मुकादमाकडून तेवढं वाक्य पाठ करून आलो होतो. साहेबाकडे जायचंय, तर जरा ऐटीत सांगावं म्हटलं. वी वाँट टु लीऽव्ह." तोंडातून पुन्हा तेच निघालं. क्लार्कने मान फिरवली. पोरीने बाईंकडे पाहिलं, बघा, मी सांगत नव्हते का, अशा नजरेने.

शिकवणीत कोणी असंच लीव्ह म्हटलं असतं आणि पोरीने हेच लिहिलं असतं, तर बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले असते. त्या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुताराची बायको पुढे आली. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. एकदा इंग्रजीत सांगून बघा ना. इंग्रजीत सांगितलं की ऐकतात ही माणसं."

बाईंनी सांगितलं. उभ्या जन्मात बोलल्या नसतील इतकं शुद्ध इंग्रजी त्या बोलल्या, प्रत्येक ऱ्हस्व ऱ्हस्व ठेवून. क्लार्कने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला आधीही कळलं होतं, बाई," तो म्हणाला.

तेवढ्यात पोरीने दप्तरातून वही काढली आणि टाचा उंचावून फटीतून आत सरकवली. बाई येईपर्यंत बाकावर बसून तिने दोन पानं भरली होती. तेच वाक्य, पन्नास वेळा, आय घालून. "काका, बरोबर लिहिलंय आता," ती म्हणाली. "तपासा."

क्लार्कने बाईंकडे पाहिलं, मग सुताराकडे. पोरगी काचेला नाक लावून उभी होती. शेवटी त्याने लाल पेन उचललं आणि पहिल्या ओळीपासून खरोखरच तपासायला लागला. मागच्या रांगेतला एक जण खाकरला, तरी त्याने एकही ओळ सोडली नाही. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

पोरीने बोट फिरवत सगळ्या खुणा मोजल्या. मग आईचा हात ओढला.

"आई, एकही चुकलं नाही. चल, सामान परत लावू."