वरची खिडकी

"दिवे लावा! अंधारी खिडकी गद्दाराची!"

आरोळ्या गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि डॉर्कसने जिन्याकडे पाहिलं. लंडनमध्ये निवडणूक जिंकणाऱ्याची वरात दारावरून गेली की घराघरात उजेड हवा. खिडकीत दिवा दिसला की तो टोपी काढून मान झुकवणार. नाही दिसला, तर लोक काचा फोडणार. खालच्या खिडक्यांत तिने मेणबत्त्या लावल्या होत्या. वरची तेवढी अंधारी होती.

कारण तिथे तिचा नवरा जोसाया लपला होता. मंत्र्याला चोर म्हणणारा वर्तमानपत्राचा अंक त्याने छापला होता. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, छापणाऱ्याचं होतं. त्याला पकडायला राजाचा एक माणूस समोरच्या गुत्त्याच्या पायरीवर दुपारपासून बियरचा पेला घेऊन बसला होता, नजर या घरावर. वरच्या खिडकीला पडदा नव्हता, खोलीत लपायला आडोसाही नव्हता. दिवा लागला की जोसाया समोरून दिसणार आणि संपलंच सगळं.

आणि लिहिणारा कोण? आज निवडून आलेला गिल्बर्ट रेव्हन्सक्रॉफ्ट! हे फक्त या नवराबायकोलाच ठाऊक होतं.

"घाबरू नकोस गं," जोसाया जिन्यावरून कुजबुजला. "आपलं मीठ खाल्लंय त्याने. एका शब्दात लोकांना पुढे नेईल बघ."

"मीठ खुर्चीत बसेपर्यंतच आठवतं लोकांना. तू वर जा आधी!"

वरात दाराशी येऊन थांबली. गिल्बर्टची खुर्ची लोकांच्या खांद्यावर होती. एक आडदांड खाटीक हातात दगड घेऊन पुढे आला.

"ए बाई, वरचा दिवा कुठाय? आमचा विजय डोळ्यांत खुपतो का?"

"मेणबत्त्या संपल्या हो, दादा."

"संपल्या? मग आता काचाही संपतील!"

डॉर्कस धावत खुर्चीपाशी गेली. "साहेब, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही ओळखता मला!"

का नाही ओळखणार? अख्खा हिवाळा त्याने त्याच वरच्या खोलीत बसून लिहिलं होतं, तिच्या हातचं मटणाचं सूप ओरपत. गिल्बर्टने तिच्याकडे पाहिलं, मग गुत्त्याकडे. पायरीवरचा माणूस कान टवकारून उभा राहिला होता. गिल्बर्टचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, तुमची गफलत होतेय," तो म्हणाला. "कोणाचं घर हे?"

पहिल्या दगडाने खालची काच फुटली. दुसरा डॉर्कसच्या कपाळावर बसला आणि ती गुडघ्यांवर कोसळली. रक्ताने डोळा भरला. तरी ती वर बघून मान हलवत होती, नको, नको म्हणून. खाटकाने तिसरा दगड उचलला.

तेवढ्यात वरची खिडकी उजळली. जोसाया मेणबत्ती अगदी तोंडाजवळ धरून उभा होता.

"लावला दिवा!" तो ओरडला. "सोडा आता तिला!"

"स्वातंत्र्याचा विजय असो!" गल्ली दुमदुमली. गिल्बर्टने खिडकीकडे पाहून टोपी काढली.

गुत्त्याच्या पायरीवरच्या माणसाने पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि तो रस्ता ओलांडू लागला.