डाव्या बुटातली किल्ली

आंघोळ करून ती वसतिगृहातल्या आपल्या खोलीशी परत आली, तर दारापुढे बूट नव्हते.

बूट गेल्याचं दुःख नंतर. डाव्या बुटात खोलीची किल्ली होती. किल्ली बुटात ठेवायची ही घरची पिढीजात अक्कल. बाबांच्या डाव्या बुटातली किल्ली अख्ख्या गल्लीला ठाऊक होती, चोर तेवढे सोडून. इथलं दार मात्र अतिशहाणं. ओढलं की आपलं आपण कुलूप लावून मोकळं.

आत फोन, आत इस्त्री करून ठेवलेले कपडे. बाहेर ती, अनवाणी, अंगात चुरगळलेला गाऊन, केसांतून पाणी निथळतंय. आणि थोड्याच वेळात प्रयोगशाळेच्या बाईंपुढे मुलाखतीला उभं राहायचं होतं. जागा एक आणि बोलावलं होतं दोघींना. ही जागा हुकली तर एवढ्या लांब येऊन करायचं काय, या विचाराने तिची रात्रीची झोप उडाली होती.

दुसरी मुलगी समोरच्याच खोलीत राहत होती. कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आलेली, उंच, ताठ मानेची.

बूट हरवलेल्या हिला मात्र घरी सगळे रेडिओ म्हणत. बटण नसलेला रेडिओ! पण इथे आल्यापासून दुकानातल्या बाईला 'थँक्यू' म्हणण्यापलीकडे तिने कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. आई रोज फोनवर विचारायची, "झाली का गं कुणाशी ओळख?"

"झाली की. समोरचीशी," ती ठोकून द्यायची.

खरं म्हणजे समोरची दिसली, की ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची. सुटलेली नसली तरी.

आज तिने समोरच्या दारावर टकटक करायला हात उचलला. तोंडातल्या तोंडात परकं वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. मग हात खाली घेतला आणि ती जिना उतरू लागली. फरशी बर्फासारखी गार होती. वर येणारे दोघं तिच्या पायांकडे बघून जरा बाजूला झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

खाली आपल्या खोलीत वसतिगृहाचा म्हातारा रखवालदार बादलीत फडका पिळत होता. जिन्यावर घोकलेलं सगळं वाक्य त्याला बघताच पळालं.

"बूट," ती म्हणाली. "माझे."

त्याने आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग भिंतीतलं कपाट उघडलं. आत बूट, सँडल, सपाता, सगळ्या मापांचे जोड नीट लावून ठेवलेले.

"वाटेत काही ठेवायचं नसतं, पोरी. आग लागली तर पळणारा अडखळून पडेल."

तिने आपल्या जोडाकडे बोट दाखवलं. "त्यात माझी..."

पण त्याने बूट उलटा करून टेबलावर आपटलासुद्धा. किल्ली खळ्ळकन बाहेर पडली.

"तुम्हाला... कसं?"

"जगभरातून येता तुम्ही पोरं," म्हातारा म्हणाला, "आणि ठेवता एकाच जागी." त्याने कपाटाचं दार ढकललं, बादली उचलली आणि तो मागच्या दाराने निघून गेला.

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. धावत गेलं तर अजून वेळ गाठता येणार होती. ती वळली.

उंबऱ्यात समोरची उभी होती. ओले केस, छातीशी धरलेला टॉवेल, अनवाणी. तिची मान आज ताठ नव्हती. रिकाम्या टेबलाकडे बघत ती नुसतेच ओठ हलवत होती.

ते ओठ काय करताहेत, हे हिला विचारावं लागलं नाही. जिन्यावर हिचेही असेच हलत होते.

क्षणभर हिने दाराकडे पाहिलं. बाई वेळेच्या पक्क्या, हे दोघींनाही सारखंच ठाऊक होतं. मग तिने कपाट पुन्हा उघडलं. समोरचीने डोळ्यांनीच एक जोड दाखवला, तो हिने काढून दोन्ही हातांत धरला, आणि ही इथे आल्यापासूनचं आपलं पहिलं धड वाक्य बोलली:

"किल्ली कुठल्या बुटात आहे, डाव्या की उजव्या?"