पायाखालची ताडपत्री

भगवानराव कापूस मोजायचा काटा न्यायला आले, तेव्हा त्याला त्यांची भावजय टांगलेली होती.

अंगणात तीन लाकडी बल्ल्या वर एकत्र बांधून उभ्या केलेल्या. त्यांना काटा, काट्याच्या आकड्याला गठोडं बांधायची जाड चादर, आणि चादरीत छातीपासून मांड्यांपर्यंत आवळलेली सत्यभामा. आठ महिन्यांपूर्वी दारव्ह्याच्या रस्त्यावर ती ट्रॉलीवरून पडली, तेव्हापासून पाय तिचं काही ऐकत नव्हते. आता तिचे तळपाय जमिनीवरच्या ताडपत्रीला टेकले होते आणि कॉलेजात जाणारी लेक वैष्णवी ती ताडपत्री मागे ओढत होती.

"वावरात बाया खोळंबल्या," भगवानराव म्हणाले. "येचलेला कापूस काय अंदाजानं मोजू? सोडा इले खाली. आन् उद्यापासून हे नाटक बंद. येणारे-जाणारे हासून राह्यले."

थोरल्या दिरासमोर सत्यभामानं वीस वर्षांत पदर ढळू दिला नव्हता, आवाज चढवणं तर लांबच. आज दोन्ही हात दोराला धरलेले, पदर कधीचा खांद्यावर आलेला. एका अर्थी बरंच झालं.

"नाही सोडाचं," ती म्हणाली.

"कायले जीव काढून राह्यली? डॉक्टरनं सांगतलं ना, डोक्याचा निरोप पायाले पोचत नाही म्हणून."

"नाही पोचत. पण चालाचा ठेका कमरेच्या मणक्यातच असते. तिथल्या पेशी आपसात करंट देतेत, एक डाव डाव्या पायाले, एक डाव उजव्या. वरून हुकूम आलाच पाहिजे असं नाही. पाय मागं वढला का तो ठेका जागा होते. संघदीप सरांनं सांगतलं."

संघदीप म्हणजे दर बुधवारी व्यायाम घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट. खात्री कोणीच देऊ शकत नाही, असंही त्यानं सांगितलं होतं. ते वाक्य तिनं खुशाल गाळलं.

वैष्णवीनं ताडपत्री ओढली. डावा पाय मागे गेला, ताणला गेला आणि तिथंच राहिला. भगवानराव हसले नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली. सत्यभामाला त्याचाच जास्त संताप आला. चल की मेल्या, असं तिनं पायाला मनातल्या मनात दरडावलं. पाय ढिम्म. मग तिनं पायांकडे बघणंच सोडलं आणि सरळ दिराच्या डोळ्यांत बघितलं.

"वड वैष्णवी. जोरानं."

डावा पाय गुडघ्यात वाकला, पुढे आला, टेकला. मग उजवा. पुन्हा डावा. तिनं पायांना काही सांगितलं नव्हतं, तिला त्यांचं काही जाणवतही नव्हतं. तरी ते चालत होते.

"झटके हायेत हे," भगवानराव पुटपुटले.

"भाऊजी, बायाईच्या कापसाचं वजन तुमीच मोठ्यानं वाचता ना? मंग हेबी वाचा."

भगवानरावांची नजर सवयीनं काट्याच्या सुईवर गेली. "चव्वेचाळीस," ते म्हणाले. पाय टेकला. "छत्तीस." दुसरा टेकला. "चौतीस." त्यांनी डोळे बारीक केले.

"नुसती लटकली त आई अठ्ठेचाळीस किलो भरते, मोठेबाबा," वैष्णवी धापा टाकत म्हणाली.

"मंग बाकीचं वजन गेलं कुठं?"

सत्यभामा घामानं निथळत होती.

"ते माह्ये पाय पेलून राह्यले," ती म्हणाली. "बायाईले सांगा, काटा रिकामा नाही."