शेवट सांगायचा नाही

डायलिसिसला माझ्या शेजारच्या बेडवर काकू असतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मशीन रक्त धुतं आणि आम्ही छताकडे बघून कंटाळतो. म्हणून मीच त्यांना फोनवरच्या त्या अंतराळवाल्या मालिकेचा नाद लावला आणि वर बजावलं, "शेवट विचारायचा नाही. शेवट फोडणाऱ्याला मी माणसांत धरत नाही."

खरं तर शेवट भिकार आहे. कप्तान बाईला घर दिसायला लागतं आणि यान फुटतं. त्यावर मी चार पानं शिव्या लिहून टाकल्यात.

आज सुया टोचून झाल्यावर काकू म्हणाल्या, "सोमवारपासून मी यायची नाही रे. दमले आता. डॉक्टरांना सांगितलंय, लेकीलाही. आता तरी सांग, ती कप्तान घरी पोचते का?"

तत्त्व गेलं खड्ड्यात. मी म्हणालो, "पोचते ना. दार उघडंच असतं. आई आतूनच विचारते, जेवलीस का?"

काकूंनी मोकळ्या हाताने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.



"शेवट मी कालच बघून घेतला," त्या म्हणाल्या. "तुझाच बरा आहे."